पडद्यावर हिरवं, भट्टीत काय?

पाचशे मेगावॅटच्या एका संचाच्या भट्टीत तासाला तीनशे टनांहून अधिक कोळसा जळतो, आणि तो जाळणाऱ्या माणसाला ती आग दिसत नाही. त्याला दिसतात आकडे. वाफेचं तापमान ५४० अंश. ड्रममधल्या, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होते त्या बॉयलरवरच्या टाकीतल्या, पाण्याची पातळी मध्यरेषेच्या आसपास. भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी, म्हणजे उणे पाच ते उणे दहा मिलिमीटर पाणी, कारण तो वाढला तर ज्वाला आणि राख बाहेर यायची. कंट्रोल रूममधला ऑपरेटर रात्रभर या आकड्यांवर विसंबून असतो. ते आकडे खरे ठेवणं हे ज्याचं काम, त्याला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणतात.

चंद्रपूरहून मोहर्लीच्या, म्हणजे ताडोबाच्या रस्त्याला लागलं की दुर्गापूर येतं आणि मग ऊर्जानगर. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची ही वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, ८ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचं उद्घाटन झालं. आधी २१० मेगावॅटचे चार संच, मग पाचशेचे तीन, आणि २०१६ मध्ये पाचशेचे आणखी दोन. पहिले दोन जुने संच आता बंद झाले आहेत. उरलेल्या सातांची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं हे सर्वांत मोठं केंद्र. कोळसा शेजारच्या खाणींमधला, पाणी इरई धरणाचं.

या चाळीस वर्षांत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचं काम पार बदललं. त्या बदलाबद्दल ऊर्जानगरात दोन मतं ऐकू येतात, आणि ती बहुधा एकाच घरात दोन पिढ्यांकडून येतात. या लेखापुरतं एका मताला मामा म्हणू आणि दुसऱ्याला भाची. ही कुणी विशिष्ट दोन माणसं नव्हेत. मामा आयटीआय करून लागलेले, रिले आणि काट्यांच्या रेकॉर्डरच्या काळात हात बसलेले, आता निवृत्त. भाची इन्स्ट्रुमेंटेशनची अभियंता, डीसीएस या संगणकीय नियंत्रण यंत्रणेच्या पडद्यासमोर बसणारी.

वाद सुरू होतो तो ट्रान्समीटरवरून, म्हणजे दाब किंवा तापमान मोजून तो आकडा कंट्रोल रूमला पाठवणाऱ्या यंत्रावरून.

“मामा, तुमच्या वेळी काटा अडकला की माणूस जाऊन काचेवर टिचकी मारायचा,” भाची म्हणते. “आता ट्रान्समीटर स्वतःच सांगते मला काय होऊन राहिलंय ते. ज्या दोन तारांवरून त्याचा चार ते वीस मिलिअँपचा सिग्नल येतो, त्याच तारांवरून त्याच्या आतलं तापमान, सेन्सरची स्थिती, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, सगळं येतं. मी खुर्चीतून न उठता शंभर ट्रान्समीटरची तब्येत पाहू शकते.”

“तब्येत दिसते ना, पोरी, ट्रान्समीटरची दिसते,” मामा म्हणतात. “भट्टीची नाही दिसत. मले एक सांग. भट्टीपासून ट्रान्समीटरपर्यंत जी बारीक नळी येते, ती राखेनं चोंदली, तर ट्रान्समीटर आजारी पडला का?”

“नाही.”

“मंग तो काऊन बोंब मारन? त्याच्या पोटात जो दाब अडकला, तोच तो इमानदारीनं सांगत राहते. भट्टीत दाब वरखाली होऊन राहिला, अन् तुह्या पडद्यावर उणे आठ. हिरवंगार.”

मामांचा मुद्दा नेमका आहे. या नळीला इम्पल्स लाइन म्हणतात. कोळशाच्या बॉयलरमध्ये भट्टीच्या दाबाच्या नळ्यांत उडती राख शिरते आणि वेळच्या वेळी हवा मारून त्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं, कितीदा तर चाळीस टक्क्यांच्या घरात, त्यामुळे हे काम टाळता येत नाही. चोंदलेल्या नळीमागचं यंत्र बिघडलेलं नसतंच. ते चुकीच्या गोष्टीचं अचूक माप देत असतं.

पण भाची इथे थांबत नाही, आणि तिचं उत्तरही तितकंच भक्कम आहे. “जळत्या भट्टीचा दाब कधी स्थिर नसते, मामा. त्यात सतत बारीक थरथर असते. नवे ट्रान्समीटर ती थरथर मोजतात. ती मेली, की नळी चोंदल्याचा इशारा येते. तुम्ही पाळीत दहा नळ्या फुंकायचे, कारण कोणती चोंदली ते तुम्हाला माहीत नसायचं. मी माणूस पाठवते तो नेमक्या एका नळीकडे.”

“पाठवतेस ना पण? माणूस लागतेच ना?”

“लागते. कमी लागते.”

हा ‘कमी’ शब्दच खरा वादाचा विषय आहे.

मामांना हा कमीपणा पटत नाही त्याचं कारण ते तापमानाच्या उदाहरणाने सांगतात. मुख्य वाफेचं तापमान मोजायला थर्मोकपल वापरतात: दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की दुसऱ्या बाजूला सूक्ष्म विद्युतदाब मिळतो. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. ५४० अंशांना सगळा मिळून सुमारे २२ मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलवर वाफेत किती पाणी फवारून ती थंड ठेवायची हे ठरतं. गोम अशी, की थर्मोकपल खरं तर दोन टोकांमधला फरक मोजतं. म्हणून बॉयलरवरच्या जंक्शन बॉक्सपासून कंट्रोल रूमपर्यंतची केबलही खास त्याच गुणाची लागते. तिला कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणतात.

“आता समज,” मामा सांगतात, “घाईच्या शटडाऊनमंधी कोण्या नवख्या पोरानं तिथं साधी तांब्याची केबल ओढली. मे महिना, चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीस, बॉयलरजवळच्या बॉक्समंधी साठ अंश. तुह्या एसीच्या खोलीत बावीस. किती फरक?”

“अडतीस.”

“मंग पाचशे चाळीसच्या जागी तुले पाचशे दोन दिसन. तार तुटली नाही, सेन्सर जळला नाही, सिस्टीम म्हणते सगळं ठीक. अन् कंट्रोल काय करन?”

भाची उत्तर देते, कारण उत्तर तिला माहीत आहे: वाफ थंड पडली असं समजून कंट्रोल फवारा कमी करेल, खरं तापमान ५४०च्या वर चढत जाईल, आणि वाफ तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्या हळूहळू कमकुवत होऊ लागतील. ट्यूब आज फुटणार नाही. काही महिन्यांनी फुटेल, तेव्हा त्या केबलची आठवणही कुणाला नसेल. मग तीही एक गोष्ट बजावते. एवढ्या महत्त्वाच्या जागी थर्मोकपल कधी एकटं नसतं. शेजारचं ५४० दाखवत असेल तर दोघांतला फरक पडद्यावर लाल होईल, आणि तो पाहणाऱ्याने पाहिला पाहिजे.

इथे १९७९ सालची, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राची हकीकत आठवते. २८ मार्चच्या पहाटे तिथला दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडल्यावर अडकला आणि बंद झालाच नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र तो बंद झाल्याचं सुचवत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेला नव्हता. व्हॉल्व्हला ‘बंद हो’ असा आदेश गेला की नाही, एवढंच तो दाखवत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म एकदम वाजले. त्या गदारोळात ऑपरेटर त्या दिव्यावर विसंबले, पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. तिथल्या माणसांना अक्कल नव्हती असं म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे. त्यांना जे दाखवलं गेलं त्याप्रमाणे ते वागले. आदेश आणि घडलेली गोष्ट यांत फरक असतो, हे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक रोज हाताने तपासतो: कंट्रोल रूममधून व्हॉल्व्हला पन्नास टक्के दिले, तर तो जागेवर जाऊन दांड्यावरची खूण पाहतो आणि वॉकीटॉकीवर सांगतो, “पन्नास मिळाले.” माप घेऊन त्याप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या साखळीवर, म्हणजे कंट्रोल लूपवर, भरवसा ठेवता येतो तो या दोन शब्दांनंतर.

मामांच्या पिढीचा मात्र एक दोष होता, आणि तो भाची स्पष्टपणे त्यांच्यासमोर मांडते.

“मामा, तुम्ही जम्पर टाकायचे की नाही?”

मामा थोडा वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, “टाकायचो. सगळेच टाकायचे.”

जम्पर म्हणजे संरक्षणाच्या साखळीतला एखादा संपर्क वायरच्या तुकड्याने जोडून टाकणं. एखादा फ्लेम स्कॅनर, म्हणजे ज्वाला पाहणारा डोळा, काचेवर राख बसल्याने आग असूनही ‘आग नाही’ म्हणू लागला, तर त्याच्यामुळे पूर्ण संच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, होऊ नये म्हणून तो तेवढ्यापुरता बाजूला काढायचा. काम झालं की वायर काढायची. पण पाळी बदलली, माणूस घरी गेला, वायर राहून गेली, असं कुठल्याही कारखान्यात घडू शकतं. रिले पॅनेलच्या मागे राहिलेली ती वायर कुणाच्या पडद्यावर दिसत नसे.

“आज मी सिग्नल फोर्स केला, म्हणजे त्याची किंमत पडद्यावरूनच पक्की करून टाकली, तर कोणी केला, किती वाजता केला, कशासाठी केला, काढला कधी, सगळं नोंदलं जाते,” भाची म्हणते. “रोज सकाळी फोर्स केलेल्या सिग्नलची यादी साहेबांच्या टेबलावर असते. तुमच्या हाताला कसब होतं, पण ते तुमच्या डोक्यातच राहिलं. तुम्ही रिटायर झाले, ते तुमच्यासोबत घरी आलं.”

या वादात भाचीचं हे म्हणणं सर्वांत वजनदार आहे. भट्टीतली ज्वाला खरंच विझली आणि कोळसा आत येत राहिला, तर न जळलेला इंधनाचा ढग साठतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणूनच बॉयलर पेटवण्याआधी पाच मिनिटं भरपूर हवा सोडून भट्टी धुऊन काढल्याशिवाय सुरक्षा यंत्रणा तेलाचा व्हॉल्व्ह उघडूच देत नाही. अशा साखळीतली एक कडी गुपचूप जोडून ठेवणं धोक्याचं होतं, मग ती जोडणारा हात कितीही अनुभवी असो. तीनपैकी दोन स्कॅनर किंवा दोन ट्रान्समीटर एकच सांगतील तेव्हाच ट्रिप करायचं, ही ‘तीनात दोन’ पद्धत त्यासाठीच आली. एक खोटा निघाला तरी संच पडत नाही आणि वायर टाकण्याचा मोहही होत नाही.

“तीनात दोन चांगलंच आहे,” मामा कबूल करतात. “पण तिन्हींच्या काचेवर राख बसते ती एकाच वाऱ्यानं. स्कॅनर थंड ठेवणारी हवा कमी पडली, तर तिन्ही डोळे संगंच आंधळे होतात. मंग तुही गणती काय करन?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी भाची स्वतःच एक प्रसंग काढते. १ नोव्हेंबर २०१७. उत्तर प्रदेशातलं उंचाहार, पाचशे मेगावॅटचा सहावा संच. भट्टीच्या तळाशी राख साचली होती. लोड कमी करून संच चालूच ठेवला होता आणि ती राख मोकळी करण्याचं काम सुरू होतं. भट्टीतला दाब वाढला, गरम वायू आणि राख बाहेर फेकली गेली, चाळीसहून अधिक कामगार दगावले. “तिथं कोणी मीटर पाहिलं नसेल असं नाही, मामा. राख साचली हे सगळ्यांनाच माहीत होतं. संच बंद करायचा की नाही, हे मात्र मीटरवाला ठरवत नाही.”

मामा मान हलवतात. मापाचा अधिकार एकाचा आणि निर्णयाचा दुसऱ्याचा, ही प्रत्येक मोठ्या केंद्राची रचना असते. ती असण्यात चूक नाही. पण त्यामुळे माप घेणाऱ्याचा शब्द वर कितपत पोचतो याला जिवाचं मोल येतं. स्वतःची नोकरी पक्की असलेला मेकॅनिक ‘साहेब, हा आकडा मला खरा वाटत नाही’ असं म्हणू शकतो. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला मुलगा तेच वाक्य बोलण्याआधी दहादा विचार करेल. या लेखाचं मत इथे पूर्णपणे मामांच्या बाजूने आहे. नळी साफ करणं, केबल ओढणं ही कामं बाहेरच्या माणसांकडून करून घेता येतील. ज्याच्या सहीने ट्रान्समीटर कॅलिब्रेट झाला असं मानलं जातं, तो माणूस मात्र त्या बॉयलरला वर्षानुवर्षं ओळखणारा हवा, आणि खोटा आकडा दिसल्यावर आवाज चढवता येईल इतका सुरक्षितही हवा.

ड्रमच्या पातळीचंच घ्या. पाचशे मेगावॅटच्या बॉयलरचा ड्रम जमिनीपासून साठ मीटरहून उंच असतो. त्याची पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरची एक नळी कायम पाण्याने भरलेली ठेवावी लागते. तिच्या वजनाशी ड्रममधल्या पाण्याची तुलना होते. या संदर्भ नळीचा एखादा जोड गळू लागला, तर तिच्यातलं पाणी घटतं आणि पडद्यावर पातळी असते त्याहून जास्त दिसते. ड्रम कोरडा पडत असताना तो भरल्यासारखा भासतो, हा सगळ्यांत वाईट प्रकारचा खोटेपणा. तो जोड गळतो आहे हे बॉयलरच्या माथ्यावर, प्रचंड उकाड्यात, टॉर्च मारून कळतं. जुना मेकॅनिक तिथे कुठला जोड मागच्या ओव्हरहॉलला त्रास देत होता ते आठवून आधी त्याच जोडाकडे जातो.

“म्हणूनच म्हणते, ते लिहून ठेवा,” भाची म्हणते. “कुठला जोड, कुठल्या वर्षी, कुठलं पॅकिंग घातलं. पुढच्या पोराले तुमच्यासारखी वीस वर्षं काढायची गरज पडू नये.”

“लिहून देतो. पण वाचणारा पोरगा वर चढला पाहिजे.”

“चढेल. पण विनाकारण नाही. रात्री दोनला कच्च्या पाण्याच्या पंपाजवळ नुसतं मीटर पाहायला माणूस काऊन पाठवायचा?” हे भाची जंगलालगतच्या अनुभवावरून बोलते. २०२२च्या फेब्रुवारीत केंद्राच्या परिसरात कामावरून घरी निघालेल्या एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. झुडपं माजलेल्या मोकळ्या जागा, ताडोबाच्या अंगाचं जंगल आणि चोवीस तासांच्या पाळ्या, हे तिन्ही इथे शेजारी शेजारी आहेत. दूरवरून मोजता येणारी गोष्ट दूरवरून मोजावी, यात मामांनाही काही वावगं दिसत नाही.

मग उरतो पोटाचा प्रश्न. चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने आज हे काम शिकावं का? भाचीला शंका आहे. कोळशाचे जुने संच बंद होत आहेत, दिवसा सौरऊर्जा ग्रीडमध्ये येते आहे. पण याच बदलामुळे काम वाढतंही आहे, हे तिच्या लक्षात मामांनी नव्हे, नव्या नियमांनी आणून दिलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना आधी ५५ टक्के आणि पुढे ४० टक्के भारापर्यंत खाली येण्याची क्षमता ठेवायची आहे. दुपारी सूर्य तळपला की खाली या, संध्याकाळी वर चढा. पूर्ण भारावर भट्टीतला आगीचा गोळा स्थिर असतो. चाळीस टक्क्यांवर ज्वाला कमजोर होते, स्कॅनरची कसोटी लागते, व्हॉल्व्ह जवळपास मिटलेल्या अवस्थेत काम करतात आणि तिथेच ते सर्वाधिक चुकतात. एका ठरावीक भारासाठी बसवलेले कंट्रोल लूप पुन्हा जुळवावे लागतात. चढउताराने केबल, जोड, गॅस्केट लवकर थकतात. स्थिर चालणाऱ्या केंद्रापेक्षा अशा केंद्राला अधिक आणि अधिक जाणते मेकॅनिक लागतील.

शिवाय हे कसब वीजकेंद्रापुरतं नाही. थर्मोकपल बल्लारपूरच्या कागद कारखान्यातही तेच असतं, गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंटच्या भट्ट्यांतही तेच आणि घुग्घुसच्या स्पंज आयर्नच्या भट्टीतही. आता गडचिरोलीत कोनसरीलाही लोह-पोलाद प्रकल्प उभा राहिला आहे. जिथे काही तापवायचं असतं तिथे तापमान खरं सांगणारा माणूस लागतो.

मामा-भाचीचा वाद मिटत नाही, पण दोघांच्या मागण्या जवळ येतात. भाचीला प्रत्येक फोर्सची नोंद आणि प्रत्येक दुरुस्तीचा इतिहास हवा आहे. मामांना ओव्हरहॉलच्या वेळापत्रकात कॅलिब्रेशनचे दिवस कुणी कापू नयेत असं वाटतं, कारण संच लवकर चालू करायच्या घाईत पहिली कात्री तिथेच लागते. या दोन मागण्यांत निवड करण्याचं काही कारण नाही. दोन्ही मान्य व्हायला हव्यात. त्यांच्यात तिसरीची भर घालावी लागेल: ज्यांच्या सहीवर सुरक्षा यंत्रणा चालते, त्या जागा कायम नोकरीच्या असाव्यात, आणि त्या भरताना या भट्ट्यांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतल्या प्रशिक्षित मुलामुलींचा विचार आधी व्हावा.

इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावीला विज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना त्याला प्रवेश घेता येतो, मुलींनाही. घरात असं कुणी असेल तर प्रवेशाचा अर्ज भरताना विजेच्या आणि फिटरच्या रांगेसोबत हा पर्यायही जरूर पाहा.